रिकामं भाड्याचं घर आणि तात्पुरता अलार्म: ठाणे-नवी मुंबईत काय बसवावं?

सागरगोटा

नमस्कार मंडळी. आमची दोन घरं एकदमच रिकामी झाली आहेत. एक नेरुळचं सिडकोचं रो-हाऊस, तळमजला अधिक एक, सासूबाईंच्या नावावरचं. दुसरा घोडबंदर रोडला कासारवडवलीत चौथ्या मजल्यावरचा टू-बीएचके. दोन्हीकडचे भाडेकरू मे अखेरीस गेले. फ्लॅटला रंग काढायचाय आणि रो-हाऊसच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसामुळे अडकलंय. नवीन भाडेकरू दिवाळीच्या आसपासच येतील असं दिसतंय. आम्ही नाशिकला असतो.

नेरुळच्या आमच्याच गल्लीतलं एक घर असंच बंद होतं. मागचं ग्रिल वाकवून कोणीतरी आत शिरलं. आत दागिने-पैसे नव्हतेच, मग बाथरूम आणि स्वयंपाकघरातले सगळे नळ उपटले, गीझर काढला, एसीची तांब्याची पाइप कापून नेली. नळ गेल्यावर गच्चीवरच्या टाकीचं पाणी घरभर वाहत राहिलं. शेजाऱ्यांच्या भिंतीला ओल आली तेव्हा कुठे पत्ता लागला. नळांची किंमत एकवेळ सोडा, फुगलेली दारं आणि भिजलेलं वायरिंग यातच मालक बुडाले. ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

मला कायमची सिस्टिम नकोय. भाडेकरू आला की काढून ठेवता यावी, पुन्हा घर रिकामं झालं की लावता यावी. भिंतीला भोकं नकोत. वायफाय दोन्हीकडे नाही, आधीच्या भाडेकरूंनी कनेक्शन बंद केलं. वीज आहे. किल्ल्या एजंटकडे, रंगाऱ्याकडे आणि नेरुळला शेजारच्या काकूंकडे आहेत. दोन्ही घरं मिळून पंधरा हजारांच्या आत बसलं तर बरं. कोणी असं काही वापरलंय का?

मोगरा

आधी स्वस्तातलं सांगते. दाराला लावायचा साधा मॅग्नेट अलार्म दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. एक तुकडा चौकटीला, दुसरा दाराला चिकटवायचा. दार उघडलं, दोन्ही लांब गेले की कर्कश वाजतो. सेलवर चालतो, वीज-वायफाय काही लागत नाही. वाशीच्या आमच्या बैठ्या घराला मागच्या दारी तोच आहे. भिंतीला भिंत लागून घरं असल्यामुळे वाजला की चार माणसं बाहेर येतातच. सागरगोटाताई, नेरुळला पुढचं, मागचं आणि गच्चीचं अशा तिन्ही दारांना आजच लावून टाका. बाकीचं सावकाश ठरवा.

तारवाला

मोगराताईंशी सहमत, आजच्या रात्रीपुरतं ते लावाच. पण घर दिवाळीपर्यंत रिकामं राहणार असेल तर तेवढ्यावर भागणार नाही. मी कोपरखैरण्यात अलार्म आणि सीसीटीव्हीची कामं करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कुलूप लावून गावाला गेलेल्यांच्या घराचं दार उघडलं तर बहुतेक वेळा काहीतरी गडबड असते. भाड्यासाठी रिकाम्या घराचं तसं नाही. तिथे एजंट येणार, रंगारी येणार, प्लंबर येणार, घर बघायला लोक येणार. दर वेळी कोणीतरी अलार्म बंद करणार आणि जाताना चालू करायला विसरणार. माझ्या बघण्यातले भाड्याच्या घरांतले अलार्म बिघडून कमी आणि बंद राहून जास्त फुकट गेलेत. दुसरं असं की जिथे तीन-चार किल्ल्या फिरतात तिथे कडी-कोयंडा न तोडताही माल जातो. म्हणून दुकानात गेल्यावर सायरन किती मोठा ते नंतर विचारा. आधी विचारा की प्रत्येकाला वेगळा कोड देता येतो का, कोणी कधी बंद-चालू केला त्याची नोंद फोनवर येते का, आणि ठरलेल्या वेळी तो आपोआप चालू होतो का. या तिन्हीला 'हो' असेल तरच पुढे बोला.

आता वायफाय नाही म्हणताय, म्हणजे सिमवर चालणारा पॅनल, म्हणजे सेन्सरची खबर घेऊन फोन करणारा मुख्य डबा, लागेल. इथे बरेच जण फसतात. बाजारात अजून २जी वाले जीएसएम पॅनल भरपूर आहेत. जिओचं जाळं सुरुवातीपासूनच ४जी आहे, २जी नाहीच, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालणार नाही. २जी पॅनल असेल तर एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम बघावं लागतं. थोडे पैसे जास्त गेले तरी ४जी पॅनलच घ्या, पुढच्या वेळी पुन्हा वापरायचाय ना. सिम घालण्याआधी त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये टाकून पॅनल ठेवायच्या जागी रेंज बघा. रो-हाऊसच्या जिन्याखाली आणि माळ्यावर रेंजमध्ये खूप फरक पडतो.

सिमचा रिचार्ज विसरू नका. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. नुसता कॉल आणि एसएमएस करणारा पॅनल असेल तर डेटाचा पॅक लागत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमामुळे २०२५च्या सुरुवातीपासून फक्त व्हॉइस-एसएमएसचे वेगळे पॅक मिळतात. महिन्यातून एकदा स्वतः पॅनलला वाजवून बघायचं, म्हणजे सिम जिवंत आहे हेही कळतं.

सेन्सरबद्दल रात्री लिहितो, एका साइटवर जायचंय.

पामबीच

मी मस्कतला असतो, घर सीवूड्सला. मी ४जी सिमचा बॅटरीवाला कॅमेरा लावलाय, आणि मला वाटतं सागरगोटाताईंनी कॅमेऱ्याला नाही म्हणू नये. नुसता सेन्सर वाजला तर लांबून काहीच कळत नाही. रात्री दोनला फोन आला की शेजाऱ्याला उठवायचं की नाही? कॅमेऱ्यात बघून मला लगेच ठरवता येतं. हा कॅमेरा एरवी झोपलेला असतो, समोर हालचाल झाली की जागा होऊन क्लिप पाठवतो, त्यामुळे बॅटरी आणि डेटा दोन्ही बेताने जातं. हॉलमध्ये मुख्य दाराकडे तोंड करून एकच ठेवलाय, उंच कपाटावर. एक भोकही पाडलेलं नाही.

फक्त पासवर्ड डब्यावरचाच ठेवू नका आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड) चालू करा. घर रिकामं आहे हे जगाला दाखवणारा कॅमेरा नको. एप्रिल २०२५पासून सीसीटीव्हीसाठी एसटीक्यूसी या सरकारी संस्थेची सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे, तेव्हा अगदी बिननावाचा स्वस्त माल टाळा.

येऊरचा वारा

मी वर्तकनगरच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सोसायटीची बाजू मांडतो.

फ्लॅटमधला सायरन वाजून कोणी धावत येईल, या भरवशावर राहू नका. आमच्याकडे एका बंद फ्लॅटचा अलार्म रात्रभर थांबून थांबून वाजत होता. मालक दुबईला, किल्ली कोणाकडे ते वॉचमनला माहीत नाही. वरच्या मजल्यावर आजारी माणूस होता. सकाळी सगळ्यांची तक्रार चोराविषयी नव्हती, मालकाविषयी होती. पुढच्या वेळी तोच सायरन वाजला तेव्हा लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

तेव्हा तीन गोष्टी कराच. सायरन तीन ते पाच मिनिटांत आपोआप थांबेल असं सेटिंग ठेवा. पॅनलमध्ये जे नंबर भरता त्यात गेटवरच्या सिक्युरिटी केबिनचा नंबर घाला; आवाज चौथ्या मजल्यावरून खाली पोचेलच असं नाही, फोन मात्र पोचतो. आणि सोसायटीला साधं पत्र द्या: फ्लॅट अमुक तारखेपासून रिकामा आहे, आत अलार्म आहे, किल्ली या व्यक्तीकडे आहे, या-या लोकांनाच आत सोडावं. आम्हाला असं पत्र फार क्वचित मिळतं. मिळालं की वॉचमनला निदान विचारायचा अधिकार येतो. तुमच्या सोसायटीत मायगेटसारखं ॲप असेल तर एजंटची प्रत्येक एन्ट्री तुमच्या मंजुरीवर ठेवा. त्याचा एक पैसा लागत नाही.

लॉबीतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग कायमचं नसतं. डीव्हीआरच्या (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याच्या) हार्ड डिस्कमध्ये किती जागा आहे त्याप्रमाणे काही दिवसांनी जुनं पुसलं जातं. काही संशय आला तर त्याच आठवड्यात कमिटीला लेखी कळवून फुटेज बाजूला काढून ठेवायला सांगा.

गावदेवी

इतक्या यंत्रांपेक्षा एखादं गरजू, ओळखीचं कुटुंब दिवाळीपर्यंत बिनभाड्याने राहायला ठेवा की. घर वावरतं राहतं, झाडलोट होते. आमच्या वडिलांनी ठाण्यातलं घर वर्षानुवर्षं असंच सांभाळलं.

काळा कोट

गावदेवीकाका, तुमच्या वडिलांच्या काळी चाललं असेल, पण मी हा सल्ला देणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. कागद न करता माणूस ठेवला आणि उद्या वाद झाला तर कोणत्या अटींवर राहायला दिलं याबद्दल त्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने ते खोटं ठरवेपर्यंत. बिनभाड्याने ठेवायचं असलं तरी करार, नोंदणी आणि पोलिसांकडे माहिती हे सगळं रीतसर करा. विश्वासाच्या माणसालाही त्याचा त्रास नसतो.

सागरगोटा, तुमच्यासाठी आणखी काही. घराचा विमा असेल तर पॉलिसी आजच काढून वाचा. घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामं राहणार असेल तर कंपनीला कळवायची अट बऱ्याच पॉलिसींत असते. शिवाय आग-पूर यांचा विमा आहे म्हणजे घरफोडीचाही आहे असं नाही, तो भाग बहुधा वेगळा घ्यावा लागतो. अलार्म बसवल्याचं बिल आणि फोटो जपून ठेवा.

दोन्ही घरांतल्या प्रत्येक खोलीचे, नळांचे, गीझर आणि एसीच्या नंबर-प्लेटचे तारखेसह फोटो काढा. फिर्याद देताना 'काही नळ गेले' आणि 'या मेकचे इतके नळ गेले, हे फोटो' यात फार अंतर पडतं. अलार्म खरा वाटला तर थेट ११२. नेरुळ नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं, कासारवडवली ठाणे आयुक्तालयात, तेव्हा दोन्ही पोलीस ठाण्यांचे नंबर काकू आणि वॉचमन दोघांकडे वेगवेगळे लिहून द्या. आता गुन्हा भारतीय न्याय संहितेखाली नोंदला जातो, घरफोडीसाठी कलम ३३१ आणि घरातल्या चोरीसाठी ३०५. आयपीसीचे जुने आकडे १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना लागत नाहीत.

आणि पामबीच यांच्या कॅमेऱ्याबद्दल एक कळकळीची सूचना. घर रिकामं असेपर्यंत ठीक. भाडेकरूच्या हातात किल्ली देण्याआधी घरातला प्रत्येक कॅमेरा काढलेला असला पाहिजे आणि तसं हस्तांतराच्या यादीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. बंद असलेला, विसरलेला कॅमेराही भाडेकरूला सापडला तर तो गंभीर मामला होतो.

तारवाला

सेन्सरचं राहिलं होतं.

दारांना मॅग्नेट आणि आत हालचालीचा पीआयआर, या दोन जाती तुम्हाला पुरतील. पीआयआर स्वतः कुठलेही किरण सोडत नाही, माणसाच्या अंगाची उष्णता हलली की ती टिपतो. समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला चटकन दिसतो. म्हणून दाराकडे तोंड करून लावण्यापेक्षा पॅसेजच्या कोपऱ्यात लावा, जिथून बेडरूम आणि बाथरूमकडे जाणारा माणूस आडवा ओलांडतोच. उंची साधारण सव्वादोन मीटर. खिडकीकडे तोंड नको. पश्चिमेचं ऊन, हलणारा पडदा, दोन्ही त्याला वाजवतात. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही.

आपल्याकडची मोठी डोकेदुखी म्हणजे कबुतरं. रिकाम्या फ्लॅटच्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून किंवा उघड्या राहिलेल्या स्लायडिंगमधून एक कबुतर आत आलं की रात्रभर फोन वाजतो. आधी जाळी नीट करा. दुसरी पाल. लेन्सवरून पाल फिरली की सेन्सरला ती माणसाएवढीच वाटते. सेन्सरच्या वरची फट सिलिकॉनने बंद करा आणि आसपास ट्यूबलाइट चालू ठेवू नका, उजेडाला किडे आणि किड्यांना पाल येते.

मे महिन्यात बंद घर आतून ३५-३६ अंशांवर जातं, अंगाच्या उष्णतेच्या जवळ. तेव्हा पीआयआर मंद होतो. म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नका, दारांचे मॅग्नेट हवेतच. पावसाळ्यात उलट त्रास होतो, लाकडी दार फुगतं, चौकटीशी अंतर बदलतं आणि मॅग्नेट उगाच वाजतो किंवा दार बंद असूनही 'उघडं' दाखवतो. दोन तुकड्यांत पाच-सहा मिलिमीटरच्या आत अंतर ठेवा, म्हणजे फुगण्या-आटण्याला जागा राहते. लोखंडी सेफ्टी डोअरवर मॅग्नेट थेट चिकटवू नका, लोखंड त्याची ताकद खातं. मध्ये प्लास्टिक किंवा लाकडाची पट्टी घाला, नाहीतर आतल्या लाकडी दारालाच लावा.

भोकं नकोत म्हणालात, तर डबल टेप चांगली चालते, पण डिस्टेंपरवर नाही. डिस्टेंपरचा पापुद्रा टेपसकट खाली येतो आणि सेन्सर जमिनीवर. सनमायका, टाइल, ऑइल पेंटची चौकट, ॲल्युमिनियमचं सेक्शन यावर चिकटवा. आधी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या.

पॅनल मुख्य दारातून दिसेल असा ठेवू नका. आत शिरलेला माणूस पहिल्यांदा आवाजाच्या दिशेने जाऊन तोच फोडतो. मी सायरन वेगळा, पॅनल वेगळ्या खोलीत असाच बसवतो. वीज गेली तर बॅटरी किती तास टिकते ते लेखी विचारा. आणि महावितरणचं बिल, घर रिकामं असलं तरी, ऑटो-पेवर टाका. थकबाकीत वीज तोडली तर चार-सहा तासांची बॅटरी काय पुरणार?

सागरगोटा

तारवालादादा, काळा कोट, सगळ्यांचे मनापासून आभार. काकूंचा एक प्रश्न आहे. त्या सत्तरीच्या आहेत. अलार्म झाला तर मी एकटी घरात शिरणार नाही म्हणतात, आणि मलाही ते पटतं. मग नेरुळला जाणार कोण? दुसरं, एजंटला कोड दिला तर तो त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांना सांगेल. तो कोड निरुपयोगीच ना?

तारवाला

काकूंनी आत शिरायचंच नाही. त्यांनी फक्त आपल्या गॅलरीतून बघायचं, दिवा दिसतो का, मागचं ग्रिल जागेवर आहे का, आणि ११२ला फोन करायचा. गल्लीतल्या आणखी एका घराशी बोलून ठेवा, म्हणजे दोघं मिळून बाहेर थांबतील. हे आधी ठरलेलं नसेल तर महागातला पॅनलही उपयोगाचा नाही.

एजंटचं म्हणाल तर कोड पसरू दे, तो एजंटचाच कोड राहतो. शनिवारी दुपारी तीनला 'कोड २ ने बंद केला' असा मेसेज आला आणि तुमच्याकडे कोणाची व्हिजिट ठरलेली नसेल, तर त्याच मिनिटाला त्याला फोन लावा. असं एक-दोनदा झालं की एजंट आपोआप आधी विचारायला लागतो. रंगाऱ्याचा कोड काम संपलं त्या संध्याकाळी काढून टाका आणि लॅचचा सिलिंडरही बदला. नवा सिलिंडर तसाही नवीन भाडेकरूसाठी हवाच. रात्री आठला आपोआप चालू होण्याचं सेटिंग मात्र दोन्ही घरांना हवंच.

पामबीच

व्हिजिटचा नियम मीही पाळतो. एजंटला सांगून ठेवलंय की आत शिरल्यावर आणि निघताना व्हॉट्सॲपवर एकेक फोटो टाकायचा. निघतानाच्या फोटोत खिडक्या बंद दिसल्या पाहिजेत. आमच्या एजंटने सुरुवातीला कुरकुर केली, आता स्वतःहून करतो.

येऊरचा वारा

चांगली पद्धत आहे. एक पुरवणी: रो-हाऊसला टाकीकडून घरात येणारा मेन व्हॉल्व्ह बंद करा आणि फ्लॅटमध्ये बाथरूमचे व्हॉल्व्ह बंद करा. नळ गेले तर तेवढेच जातील, वर सांगितलेला पाण्याचा अनर्थ होणार नाही. बाहेरची पत्रपेटी रिकामी करायला कोणाला तरी सांगा. दाराशी साठलेली बिलं आणि पत्रकं बघूनच घर बंद असल्याचं कळतं.

सागरगोटा

आमचं असं ठरलं. नेरुळला ४जी पॅनल, तीन दारांना मॅग्नेट, जिन्याजवळ एक आणि वरच्या पॅसेजमध्ये एक पीआयआर, सायरन वेगळा. मेन व्हॉल्व्ह काकूंच्या मुलाने आजच बंद केला. फ्लॅटमध्ये पॅनल नाही, दाराकडे बघणारा सिमवाला बॅटरी कॅमेरा आणि मोगराताईंचा साधा मॅग्नेट अलार्म. सोसायटीला पत्र उद्या मेल करते. फ्लॅटवर जास्त खर्च न करण्याचं कारण म्हणजे तिथे गेट, लिफ्ट आणि लॉबीचा कॅमेरा आहे. नेरुळच्या मागच्या गल्लीत काहीच नाही, पैसा तिथे जाऊ दे असं यांचंही म्हणणं पडलं.

शेवटचं विचारते. दिवाळीला भाडेकरू आला की टेप काढताना नवीन रंग निघेल का? आणि पॅनल तसाच डब्यात ठेवला तर चालेल?

तारवाला

ऑइल पेंटला काही होत नाही, घाईने ओढू नका एवढंच. हेअर ड्रायरने टेप कोमट करा, मग सेन्सरच्या मागून पतंगाचा किंवा मासे पकडायचा मजबूत दोरा करवतीसारखा पुढे-मागे चालवा, सेन्सर अलगद सुटतो. उरलेला चिकटपणा खोबरेल तेलाने पुसा.

पॅनल ठेवताना सगळे कोड आणि फोन नंबर पुसा, सिम काढा, सेन्सरमधले सेल काढून वेगळे ठेवा, नाहीतर ते गळून आतली पत्री खातात. प्रत्येक सेन्सरवर 'मागचं दार', 'गच्ची' असं लिहून ठेवा. पॅनलची आतली बॅटरी दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. काळा कोट म्हणतात तसं कॅमेरा काढल्याचं यादीत लिहा. बसवायच्या दिवशी काही अडलं तर इथेच विचारा.